रोगाला माणसांचं नाव

पावसाळा लागला की नामपूरसारख्या मोसमकाठच्या गावांत लहान मुलांच्या नाकाखाली, ओठांच्या कोपऱ्यात, गुडघ्या-कोपरांवर बारीक फोड यायला लागतात. दोन दिवसांत फोड फुटतो, लस गळते आणि ती वाळली की मधाच्या रंगाची खपली धरते. मूल खाजवतं, तोच हात दुसरीकडे लावतं, तिथंही फोड येतो. मग धाकट्या भावाला, मग शेजारच्या घरात, मग अख्ख्या अंगणवाडीत. डॉक्टर याला इम्पेटिगो म्हणतात. गावात त्याला एक असं नाव नाही. कोणी पुटकुळ्या म्हणतं, कोणी फोड, कोणी सरळ खरूज म्हणून मोकळं होतं. खरूज खरं तर वेगळी. ती कातडीत घर करणाऱ्या बारीक किड्याने होते आणि इम्पेटिगो जंतूंनी. पण खरजेने खाजवून कातडी सोलली गेली की त्याच वाटेने हे जंतू आत शिरतात, त्यामुळे दोन्ही आजार एकाच पोराच्या अंगावर सापडतात आणि लोकांचा गोंधळ होतो.

आजाराचं नाव नक्की नसलं तरी दोषी कोण, हे मात्र नक्की असतं. आई. ‘पोरांना अंघोळ घालत नाहीस का?’ हा प्रश्न बापाला कधी विचारला जात नाही. आणि आई मोहल्ल्यातली किंवा आदिवासी वस्तीवरची असेल तर तिच्यासोबत तिची अख्खी जमात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते. ‘या लोकांत स्वच्छता नसतेच’ हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर ऐकलं नाही, असा मराठी मुसलमान शोधून सापडायचा नाही. एका हंड्यात किती माणसांची अंघोळ होते, हे कोणी विचारत नाही.

लहान मुलांच्या संसर्गजन्य त्वचारोगांवर माणसाने काय काय उपचार केले, याचा इतिहास चाळताना हाच आरोप वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत भेटत राहतो. म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर सांगावासा वाटतो.

सुरुवात आपल्या घरातल्या एका शब्दापासून करता येईल. मलम. आपण तो इतका मराठी मानतो की त्याचा प्रवास आठवत नाही. अरबीतला ‘मरहम’ फारसी-उर्दूतून इकडे आला आणि मराठीने त्याचा मलम केला. कोशकारांच्या मते अरबांनी तो ग्रीकांच्या ‘मालाग्मा’वरून घेतला होता, म्हणजे मऊ करणारा लेप. जखम हा शब्द फारसी, नासूर अरबी. रोग अंगावर उमटला की मराठी माणूस कोणत्या वैद्यकाच्या दारात जात होता, हे या शब्दांवरूनच कळतं. आजही मालेगावात मन्सुऱ्याचं तिब्बिया कॉलेज आहे आणि हकिमीचं शिक्षण तिथं रीतसर मिळतं.

तिब्बी ग्रंथांत त्वचारोगांवर भरपूर लिहिलेलं आहे. दहाव्या शतकात अल-राझींनी देवी आणि गोवर हे दोन निराळे आजार म्हणून मांडले, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे ‘सअफा’. लहान मुलांच्या डोक्यावर, चेहऱ्यावर येणाऱ्या खपल्यांच्या रोगाला तिब्बमध्ये हे नाव होतं. त्याचा एक प्रकार ‘शहदिया’, म्हणजे मधासारखी लस गाळणारा. हा हुबेहूब इम्पेटिगो होता, असा दावा मी करणार नाही. त्या एका शब्दाखाली आजचे चार-पाच रोग येत असावेत. पण मधाचा रंग त्यांनीही टिपला होता, आणि आजही डॉक्टर खपलीचा तोच रंग बघून निदान करतात.

उपचार म्हणून मेण आणि तेलात कालवलेले मरहम असत. काहींत जंगार, म्हणजे तांब्याचा गंज. तांबं जंतू मारतं हे आज सिद्ध आहे, त्यामुळे ते मरहम काही प्रमाणात लागू पडत असणार. काहींत सफेदा असे, तो शिशाचा, आणि शिसं लहान मुलांना विषासारखं. आपल्या परंपरेचं कौतुक करायचं तर दोन्ही सांगायला हवं. विलायती डॉक्टरांना हसायचं कारण नाही, कारण ते तरी दुसरं काय करत होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इम्पेटिगोवर त्यांचं ठरलेलं औषध पाऱ्याचं पांढरं मलम होतं.

इम्पेटिगो हा संसर्गजन्य आजार आहे, ही गोष्ट नीट मांडली ती लंडनच्या टिलबरी फॉक्स या त्वचारोगतज्ज्ञाने, १८६४मध्ये. तोवर असे फोड म्हणजे बिघडलेलं रक्त, हीच समजूत इकडे आणि तिकडे सारखीच होती. फॉक्सने नावातच ‘कंटॅजिओसा’ म्हणजे सांसर्गिक असा शब्द घातला. हाच फॉक्स नंतर भारताकडे वळला. १८७२मध्ये त्याने फार्कहर नावाच्या डॉक्टरबरोबर भारतातल्या त्वचारोगांची माहिती गोळा करण्याची एक योजना इंडिया ऑफिससाठी तयार केली. इथल्या सरकारी डॉक्टरांना प्रश्नावल्या गेल्या, उत्तरं आली आणि १८७६मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले व्हॅन्डाइक कार्टर यांचं कामही त्यात आहे. हेच कार्टर ‘ग्रेज् अॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे. काही काळ ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. साम्राज्याला रयतेच्या कातडीत इतका रस का वाटला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. नोंदी मात्र झाल्या.

फॉक्सच्या हयातीत जंतू सापडले नव्हते. पुढे कळलं की इम्पेटिगोमागे दोन जंतू असतात, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस, कधी एक तर कधी दोन्ही. १९१२मध्ये जेन्शन व्हायोलेट या जांभळ्या रंगाचा जंतूंवर परिणाम होतो हे दाखवलं गेलं आणि तो रंग जगभरच्या दवाखान्यांत पोहोचला. आपल्या आजी-नानींना नाव सांगता येणार नाही, पण ‘जांभळं औषध’ म्हटलं की त्या ओळखतील. ते स्वस्त होतं, बऱ्यापैकी लागू पडायचं, आणि त्यात एक मोठी खोट होती. तोंडावर जांभळे डाग घेऊन फिरणारं पोर गावभर ओळखू यायचं. औषधच बदनामीचा शिक्का होऊन बसायचं.

१९३५मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी सल्फा गटातलं पहिलं औषध जाहीर केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हातात सुई घुसून जंतुसंसर्ग झाला होता आणि तो याच औषधाने बरा झाला. मग पेनिसिलीन. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये ते पहिल्यांदा ज्या गंभीर रुग्णाला दिलं गेलं, तो एक पोलीस होता. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर संसर्ग पसरला होता, आणि जंतू तेच, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस. पाच दिवस त्याला उतार पडत गेला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचलं जात होतं, इतकी टंचाई. औषध संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. यानंतर डॉक्टरांनी मुद्दाम लहान मुलांना निवडलं, कारण त्यांना डोस कमी लागतो.

स्वतंत्र भारताला ही टंचाई चांगलीच माहीत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीत सरकारी कारखाना उभा राहिला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. कंपनीची नोंदणी १९५४ची, पेनिसिलीनचं उत्पादन १९५५पासून. पिंपरीची ‘पेनिसिलीन फॅक्टरी’ त्या काळच्या शाळकरी सहलींचं ठिकाण होती म्हणतात. खाजगी विलायती कंपन्यांच्या मेहेरबानीवर औषध मिळण्याचे दिवस संपवायचे, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे हा कारखाना स्वतःच आजारी पडला, तो भाग निराळा.

पेनिसिलीनचा खरा कस मात्र इम्पेटिगोवर लागला नाही. तो लागला त्याच्याहून कितीतरी वाईट अशा दुसऱ्या एका रोगावर, आणि तोही महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला.

या रोगाचं वैद्यकीय नाव यॉज. तोही जंतूंचा, तोही कातडीला कातडी लागून पसरणारा, तोही मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. उष्ण, दमट, पावसाच्या जंगली मुलखात तो राहायचा. आधी पायावर किंवा हातावर एक फोड यायचा, तो रासबेरीसारखा दाणेदार फुगायचा, वर पिवळी खपली. काही आठवड्यांनी अंगभर तसेच फोड. तळपायाला झाले तर मूल खेकड्यासारखं तिरकं चालायचं. दुर्लक्ष झालं तर काही वर्षांनी हाडं वाकायची, नाकाचं हाड झडायचं. या रोगाने सहसा कोणी मरत नव्हतं, म्हणून सरकारी कागदांत त्याला महत्त्व नव्हतं. झडलेल्या नाकाची मुलगी पुढची पन्नास वर्षं कशी जगते, हे मोजायला रकाना नसतो.

चांदा जिल्ह्याच्या जंगलात, बस्तरमध्ये, ओडिशाच्या कोरापुटमध्ये, आंध्रच्या गोदावरीकाठी हा रोग होता. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. १९५६पर्यंत हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, १९८२मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. या मुलखात लोक या रोगाला काय म्हणत? ‘गोंडी रोग’. ‘माडिया रोग’. तेलुगू बाजूला ‘कोया रोगम’.

ही नावं सरकारी कागदपत्रांत साध्या माहितीसारखी येतात, स्थानिक नाव अमुक अमुक. पण जरा थांबून बघा. गोंड, माडिया, कोया ही माणसं आहेत. रोग त्यांच्यात होता, कारण दवाखाना, रस्ता, साबण, कपडे यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. नाव मात्र असं पडलं, जणू रोग त्यांच्या रक्तातून निघाला. भामरागडच्या जंगलात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो १९७३च्या डिसेंबरात. त्याआधी तिथं डॉक्टर दिसणं हीच नवलाई होती.

दुसरा घाव याहून बारीक आहे. यॉजचा जंतू आणि गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू जवळचे भाऊ आहेत, इतके की रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दोघांत फरक कळत नाही. यॉज लैंगिक संबंधांतून पसरत नाही. मुलं एकमेकांना चिकटून खेळतात, झोपतात, त्यातून पसरतो. पण तपासणीचा कागद हातात पडला की बाहेरचा माणूस काय अर्थ काढणार? पाच वर्षांच्या पोराच्या फोडावरून त्याच्या आईच्या चारित्र्याचा निकाल. गरमीचीही गंमत बघा. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी तिला ‘फिरंग रोग’ म्हटलं, कारण ती पोर्तुगीजांबरोबर आली. युरोपात इटालियन तिला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच नेपल्सचा. जो तो रोग शेजाऱ्याच्या दारात टाकत होता. फरक इतकाच की फ्रेंच आणि इटालियन एकमेकांना उलट उत्तर देऊ शकत होते. माडिया कोणाला उत्तर देणार होता?

मुसलमान वाचकाला इथं २०२०चा एप्रिल आठवल्याशिवाय राहणार नाही. निजामुद्दीनच्या मरकजनंतर कोरोना हा जणू एका जमातीचा रोग झाला होता. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेतली जात होती. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२०ला रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असावं, अशा आशयाचं मत नोंदवलं. त्याआधी पाच वर्षं, मे २०१५मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रोगांना माणसांची, जागांची नावं देऊ नका, अशी सूचना काढली होती. गोंडी रोग हे नाव तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे होतं की नाही, कोण जाणे. आपल्यावर वेळ आली तेव्हा आपण बोललो, हे ठीकच. पण आपल्या आधी कित्येक पिढ्या आपल्याच राज्यात काही लोक हे सोसत होते आणि आपल्यालाही त्याची खबर नव्हती.

यॉजला एक इंजेक्शन पुरतं. लांबवर टिकणारं पेनिसिलीन, दहा वर्षांखालच्या मुलाला सहा लाख युनिट, मोठ्याला बारा लाख, कुल्ल्यावर एकदा टोचलं की काम झालं. थोड्याच दिवसांत फोड सुकतात. १९५२मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जगभर मोहीम काढली. ती १९६४पर्यंत चालली, ४६ देशांत सुमारे पाच कोटी लोकांना औषध दिलं गेलं. भारतही १९५२मध्ये तीत उतरला. रोग इतका कमी झाला की अधिकाऱ्यांना तो संपल्यासारखा वाटला. पथकं उठली, काम ‘नेहमीच्या आरोग्य यंत्रणेकडे’ सोपवलं गेलं, जी यंत्रणा त्या जंगलात नावालाच होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रोग परत दिसू लागला. ज्याच्या अंगात जंतू दबा धरून आहे पण फोड नाही, असा एक जण जरी सुटला तरी काही वर्षांनी पाडा पुन्हा आजारी पडतो. म्हणूनच फोड असलेल्या मुलाबरोबर त्याच्या घरच्यांना, सोबत्यांनाही टोचावं लागतं.

दुसरी मोहीम १९९६-९७मध्ये कोरापुटपासून सुरू झाली. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था तिच्या मध्यभागी होती. पुढे दहा राज्यांतले ५१ जिल्हे तीत आले, त्यांत आपले चंद्रपूर आणि गडचिरोली. या वेळी दवाखाना उघडून रोग्याची वाट बघत बसायचं नाही, असं ठरलं. कर्मचारी घरोघर, पाड्यापाड्यावर गेले, आठवडी बाजारात रोगाची चित्रं दाखवून ‘असा फोड कुठं पाहिला का?’ विचारलं गेलं. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं. १९९६मध्ये देशात साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. २००३मध्ये ४६. २००४मध्ये शून्य. १९ सप्टेंबर २००६ला सरकारने रोग संपल्याचं जाहीर केलं. पण या वेळी पहिली चूक पुन्हा केली नाही, २०११पर्यंत एक ते पाच वर्षांच्या मुलांचं रक्त तपासत राहिले, कारण रोग खरंच गेला असेल तर नव्याने जन्मलेल्या मुलांच्या रक्तात त्याची खूण सापडता कामा नये. ती सापडली नाही. मे २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. नव्या जागतिक आराखड्यात हे साधणारा भारत पहिला देश.

वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली असेल. पोलिओवर आपण मालेगावात किती वर्षं वाद घातले, यॉजचं नावही कोणी घेतलं नाही. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या आरोग्यसेवेतलं हे सर्वांत कमी सांगितलं गेलेलं यश आहे. इंजेक्शनने गोंड, माडिया, कोया यांतलं कोणी बदलून वेगळं झालं नाही. त्यांच्या चालीरीती त्याच, घरं तीच, रोग तेवढा गेला.

मग इम्पेटिगो का गेला नाही? त्याचा जंतू निराळा खेळतो. यॉजच्या जंतूने आजवर पेनिसिलीनला दाद न देण्याची कला शिकलेली नाही. स्टॅफिलोकॉकसने ती पेनिसिलीन आल्यावर काही वर्षांतच शिकून घेतली. शिवाय तो निरोगी माणसाच्या नाकातही आरामात राहतो, त्याला हुडकून संपवता येत नाही. त्यामुळे एक इंजेक्शन आणि काम खतम, असं इथं होत नाही. २०१५च्या एका अभ्यासाचा अंदाज होता की कोणत्याही एका वेळी जगात सुमारे १६ कोटी २० लाख मुलांच्या अंगावर इम्पेटिगो असतो.

उपचार तसा अवघड नाही. खपली कोमट पाण्याने आणि साबणाने भिजवून हलक्या हाताने काढायची, कारण खपलीवर लावलेलं मलम आत पोहोचत नाही. मग म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अॅसिडचं मलम, डॉक्टर सांगतील तितके दिवस. फोड अंगभर असतील, ताप असेल, तर पोटात औषध. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांवर एकाच दिवशी तिचाही उपचार. मुलाचा टॉवेल, चादर वेगळी, नखं कापलेली. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. फोड बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला, लघवी कमी किंवा चहासारखी तांबडी-काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्ट्रेप्टोकॉकसच्या मागोमाग मूत्रपिंडाला सूज येते ती अशी.

अडचण होते ती औषधाच्या दुकानात. तिथं ‘अंगावर उठलंय’ एवढं सांगितलं की एक ट्यूब मिळते, तीत बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइडचं औषध एकत्र असतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, आईला वाटतं गुण आला, आणि त्या आडोशाने संसर्ग वाढत राहतो. मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही बाजारपेठेत पाच मिनिटं उभं राहून बघावं.

आणि स्वच्छतेच्या त्या आरोपाचं काय? त्याचं उत्तर कराचीने दिलं आहे. २००२-०३मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांत एक मोठा प्रयोग झाला. काही मोहल्ल्यांतल्या घरांना दर आठवड्याला साबण मोफत दिला आणि हात धुण्याबद्दल सांगितलं, काही मोहल्ल्यांत नाही. २००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. साबण मिळालेल्या घरांत मुलांचा जुलाब आणि न्यूमोनिया निम्म्यावर आला, इम्पेटिगो ३४ टक्क्यांनी कमी झाला. जंतुनाशक म्हणून महाग विकला जाणारा साबण आणि साधा साबण, दोघांचा परिणाम सारखाच.

याची पुढची हकीकत कमी वाचली जाते. प्रयोग संपल्यावर साधारण दीड वर्षाने संशोधक त्याच घरांत परत गेले. हात कसे धुवायचे, हे आयांच्या लक्षात होतं. हात धुण्याच्या जागी साबण आणि पाणी ठेवलेली घरंही इतरांपेक्षा जास्त होती. पण साबणाची खरेदी मात्र शेजारच्या, प्रयोगात नसलेल्या घरांइतकीच होती. मोफत वड्या येणं थांबलं होतं, आणि महिन्याच्या हिशेबात साबणाला तेवढेच पैसे निघत होते जेवढे आधी निघत.